मेश्रामांचा लुकियस

माझा मेश्रामांवर राग नव्हता. क्रॉयडनच्या निम्म्या मराठी लोकांचा तसा समज होता, माझ्या नवऱ्याचासुद्धा, पण तो चुकीचा होता. मला मेश्रामांचा हेवा वाटायचा. राग आला की माणूस डोळ्यांसमोर नको होतो. हेव्याचं तसं नाही. ज्याचा हेवा वाटतो तो शनिवारी चहाच्या वेळी आला नाही, तर आपणच पडदा सारून रस्त्यावर बघतो, आणि तो येताना दिसला की पोटात दुखायला लागतं. माझं हे दुखणं चांगलं दहा-बारा वर्षं चाललं.

मेश्राम एकटे कधी आलेच नाहीत. त्यांच्याबरोबर लुकियस असायचा. लुकियस हा प्राचीन रोममधला राजकारणी, आणि फार मोठा म्हणावा असाही नाही. मोठमोठ्या सेनापतींवर लोकांनी पुस्तकांची कपाटं भरली, ह्याच्या वाट्याला जुन्या इतिहासकारांच्या चार-दोन ओळी आल्या. मेश्रामांचं म्हणणं असं की तेवढ्या ओळी नीट वाचल्या तर अख्खं रोम कळतं. त्यांनी लॅटिनची पदवी घेतली होती एडिनबराला आणि नोकरी करत होते ब्रॅकनेलच्या एका कॉम्प्युटर कंपनीत. रोज क्रॉयडनहून गाड्या बदलत जायचे, आणि जाता-येता मांडीवर लुकियस. माझा नवरा सुधीर त्या वेळी त्याच बाजूला ऑफिसला जायचा. एकदा गाडी मध्येच थांबून राहिली, शेजारच्या माणसाने वैतागून “आता काऊन थांबली बाप्पा!” म्हटलं, आणि सुधीरने त्याला तसाच उचलून घरी जेवायला आणलं.

उंच, किडकिडीत माणूस. तपकिरी कॉर्डुरॉयचा कोट, बारा महिने तोच. नागपूरचे. लग्न केलेलं नव्हतं. पोळीची सुरळी करून वरणात बुडवून खायचे. माझ्या आईसमोर कोणी असं खाल्लं असतं तर तिने त्याला पानावरून उठवलं असतं. त्या पहिल्या दिवशी हात पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, “वहिनी, तुमच्या मोठ्या आत्याला कुठं दिलं?”

मला वाटलं, ओळख काढताहेत. ओळख नाही, त्यांना नाती लागायची. आपण सांगावं आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसावं. पुढच्या खेपेला तेच मला सांगणार की ब्रॅकनेलचे ते गोरे जोशी आहेत ना, त्यांची बायको तुमच्या जावेच्या मावसबहिणीची नणंद लागते. मी घरी पत्र टाकून खात्री केली. खरंच लागत होती. माझ्या सासरची माणसं मला नीट सांगता येत नव्हती आणि हा परका माणूस त्यांच्या लग्नपत्रिका छापल्यासारखा बोलत होता. तिथून सुरुवात झाली.

लुकियसबद्दल ते बोलायचे ते तर जणू काल-परवा त्याच्याकडे जेवून आले आहेत असं. “आपल्या लुकियसचं काय आहे वहिनी, पोरगा हुशार, पण घराणं बेताचं. मग पहिली बायको केली ती खजिनदाराच्या घरातली. झाला क्वेस्टर. क्वेस्टर म्हणजे खजिन्यावरचा अधिकारी, पहिली पायरी. मग बहीण दिली एका न्यायाधीशाच्या पोराला. दोन-चार वर्षांत स्वतः न्यायाधीश! राहिलं काय, तर कॉन्सल. त्याच्यावर रोममध्ये काही नाही. आणि तिथं पडला. कोणामुळं? साडूमुळं! दोघी बहिणींचे नवरे एकमेकांविरुद्ध निवडणुकीला उभे. सासरा गप्प. सासूनं काय करावं सांगा!”

“काय केलं?” सुधीर विचारायचा.

“आजारी पडली.”

एकदा पुण्याहून आलेल्या आमच्या एका काकूंनी हे सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि कळवळून विचारलं, “मग धाकटीकडचे आणि हे परत बोलायला लागले का हो?” मेश्रामांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं की मुलांच्या लग्नांपर्यंत नाही. काकू परत जाईपर्यंत त्यांची चौकशी करत होत्या. माझी नाही.

आता माझ्या मराठीच्या वर्गाबद्दल सांगायला हवं. इथल्या मराठी मंडळातल्या मुलांसाठी दर शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये मी तो चालवायचे. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. आठवडाभर औषधं द्यायची आणि शनिवारी मराठी पाजायचं, पण औषध निदान लोक गिळत होते. मी तक्ते केले, रंगीत खडू आणले, पुण्याहून बालवाडीची पुस्तकं मागवली. मुलं छताकडे बघत बसायची. सगळ्यांत वाईट मराठी कोणाचं, तर माझ्या स्वतःच्या मुलीचं. मेघना तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. “माझा पुस्तक कुठे गेला?” “माझा आई रागावला.” सगळं जग तिच्या लेखी पुल्लिंगी होतं. मी सुधारायला गेले की ती सरळ इंग्रजीत शिरायची आणि दार लावून घ्यायची.

एका हिवाळ्यात मला फ्लू झाला आणि सुधीरने मला न विचारता त्या शनिवारी मेश्रामांना पाठवलं. दुपारी मेघना घरी आली ती उड्या मारत.

“आई, मी आज लुकियसची आत्या होते!”

मी अंथरुणात उठून बसले. ‘होते’ म्हणाली होती. ‘होतो’ नाही.

मेश्रामांनी काय केलं होतं, तर फळ्याला हात लावला नव्हता. मुलांना गोलात उभं करून एकेकाला लुकियसच्या घरातलं माणूस केलं होतं. मग म्हणाले, आता हे सगळं मला इंग्लिशमध्ये सांगा. पोरं सांगायला लागली, ही आंट, ही पण आंट, हा अंकल, हा पण अंकल. “अरे पण निवडणुकीला मत कोण देणार? बापाचा भाऊ का आईचा भाऊ? बापाची बहीण देईल, आईची बहीण नाही देणार, तिचा नवरा दुसऱ्या बाजूला आहे! आंट म्हणून मला काय समजणार?” मग त्यांनी रोमन शब्द सांगितले. बापाची बहीण वेगळी, आईची बहीण वेगळी, नवऱ्याची बहीण वेगळी, दिराला वेगळा शब्द, जावेलासुद्धा वेगळा. आणि प्रत्येकासमोर मराठी शब्द, चोख. पोरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या आईबापांच्या भाषेत असं काहीतरी आहे की जे इंग्लिशला येत नाही आणि ज्याच्यावाचून रोमचं राज्य कळत नाही. आणि लिंगं? “तो, ती, ते. लॅटिनमध्ये पण तीनच. बाकी इंग्लिशवाल्यांनी ओझं नको म्हणून फेकून दिली.” बस. मी दोन वर्षं जे घोकून घेत होते ते त्यांनी सकाळच्या एका वर्गात करून टाकलं.

पुढच्या शनिवारी मी बरी होऊन हॉलमध्ये गेले तर दारातच देशपांड्यांच्या मुलाने तोंड पाडून विचारलं, “सर नाही आले?”

अंगाचा तिळपापड झाला. पण मी हसले आणि सर आजारी आहेत म्हणून सांगितलं. सर ठणठणीत होते. त्यानंतर मात्र ते आलेच, कारण सगळ्या आयांनी फोन करून करून सुधीरला भंडावलं. वर्गाचे दोन भाग झाले. आधी मी बाराखडी, मग मेश्राम लुकियस. बाराखडीला मुलं घड्याळ बघायची.

मेघना त्यांना सुरुवातीला अंकल म्हणायची. इथे सगळेच अंकल. एके दिवशी मेश्राम आमच्या स्वयंपाकघरात उभे होते, सावजी मटणाचं झाकलेलं पातेलं बसमधून मांडीवर घेऊन आलेले, आणि ते गरम करता करता त्यांनी तिला सांगितलं की अंकल हा मुळात लॅटिन शब्द, आवुंकुलुस, आणि त्याचा अर्थ फक्त आईचा भाऊ. बापाच्या भावाला निराळा शब्द होता, पात्रुउस, तो इंग्लिशमध्ये आलाच नाही. “आणि आंट ही मुळात आत्या. मावशी आणि काका इंग्लंडला येताना समुद्रात पडले.”

मेघनाने थोडा विचार केला. तिचा चेहरा तेव्हा सुधीरसारखा होतो, एक भुवई वर. “मग तुम्ही अंकल म्हणजे मामा.”

“हो का?” मेश्राम माझ्याकडे बघून हसले. “मी तर बाबाचा मित्र ना. काका पाहिजे.”

“पण मी ऑलरेडी मामा म्हणते आहे. तीन वर्षं.”

धडा त्यांचाच होता. त्या दिवसापासून मामा. माझा सख्खा भाऊ नाशिकला आहे. मेघनाने त्याला दोनदा पाहिलं होतं आणि फोनवर त्याच्याशी “हॅलो, हाऊ आर यू” च्या पुढे ती कधी गेली नव्हती. त्याच्या जागेवर हा माणूस पातेलं ढवळता ढवळता येऊन बसला. सुधीरला मजा वाटली. त्याला काय, त्याच्या भावाची जागा शाबूत होती.

आणि गोष्ट तिथे थांबली असती तर मेघना कसली. दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी दाराची बेल वाजली. बाहेर मेश्राम, कोटाच्या आत चक्क टाय, हातात फुलं. मागून मेघना माझ्या देवघरातलं तबक घेऊन धावत आली. निरांजन उलटं धरलेलं.

“मामा आले! आई, आता तू ओवाळ.”

तिचं गणित बिनचूक होतं. ते मामा, म्हणजे मी बहीण, म्हणजे आज भाऊबीज. मला न विचारता तिने फोन करून बोलावलं होतं. मी मेश्रामांकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. मेश्राम बौद्ध. आमच्या घरी गणपतीत आले की आरतीच्या वेळी ते बागेत जाऊन उभे राहायचे, त्यात आखडूपणा काही नसायचा, आरती झाली की आत येऊन मोदक खायचे. ते हळूच म्हणाले, “वहिनी, मी हे काही करत नाही. पोरीनं बोलावलं म्हणून आलो.”

“मलाही नाही करायचं,” मी म्हटलं. इतकं खरं मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते.

आम्हा दोघांना एकदम हसू आलं. मेघनाला आलं नाही. ती तबक घेऊन जिन्यावर बसली, आणि मग मेश्राम तिच्या शेजारी बसले आणि लुकियसला दोन बहिणी होत्या आणि दोघींनीही त्याच्याशी अबोला धरला होता हे तिला समजावत राहिले. मी करंज्या काढल्या. ते एवढे आमच्या घरचे झाले होते तरी त्यांना ओवाळायला माझा हात उठला नसता, आणि त्यांना तो उठलेला चालला नसता. तेवढ्यापुरते आम्ही एका बाजूचे होतो. फुलं मात्र त्यांनी मेघनाच्या हातात दिली, माझ्या नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

संस्कृतचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं. जेवताना ते सांगत होते की लॅटिनमध्ये सासूला सोक्रुस म्हणतात, दिराला लेविर. मला राहवलं नाही. शाळेत मी संस्कृतला पहिली यायचे. बी. ए.ला संस्कृतच घ्यायचं असं मनात होतं, पण बाबांनी फार्मसीला घातलं. तेव्हा निदान ह्या एका बाबतीत तरी हा माणूस माझ्यापुढे जाऊ नये असं वाटलं.

“सोक्रुस म्हणजे श्वश्रू. लेविर म्हणजे देवृ,” मी म्हटलं. “आमच्याकडे हे सगळं आधीपासून आहे.”

“तुमच्याकडे,” मेश्राम म्हणाले. “बरोबर.”

मग त्यांनी पोळीची सुरळी वरणात बुडवली, खाल्ली आणि सांगितलं. आठवीत त्यांनी संस्कृत घेतलं तेव्हा गुरुजी म्हणाले, तू चित्रकला घे. वर्गाच्या बाहेर काढलं नाही, ओरडले नाहीत, चांगल्या शब्दांत म्हणाले. चित्रकला काही जमेना. मग मिशनच्या शाळेत गेले, तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्याने लॅटिन शिकवलं. “एकटा विद्यार्थी. मी आजारी पडलो की वर्गाला सुट्टी.” हे सांगताना ते मनापासून हसले. सुधीर उठून पाणी आणायला गेला, तांब्या भरलेला असताना. मी थोडीच त्यांना चित्रकलेला पाठवलं होतं?

“वहिनी,” ते म्हणाले, “शिकवता का मला?”

मी लगेच हो म्हटलं. उदारपणाने नव्हे. दर मंगळवारी संध्याकाळी हा माणूस माझ्यासमोर पाटी घेऊन बसणार ह्या कल्पनेनेच मला गुदगुल्या झाल्या. आणि काय सांगू, मेश्रामांना संस्कृत येईना! विसर्गसंधी म्हणजे त्यांचं मरण होतं. प्रत्येक रूपाला ते भांडायचे, लॅटिनमध्ये असं आहे, मग इथं असं का. मी म्हणायचे, का ते विचारू नका, पाठ करा. ते म्हणायचे, असं काय करून राहिल्या वहिनी, कारण तर सांगा. मी चालवून चालवून रूपं म्हणून दाखवायचे, त्यांची जीभ अडखळायची, आणि मला इतका आनंद व्हायचा की मंगळवारी मी हॉस्पिटलातून घरी चालत नव्हे, पळत यायचे. मेघना जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यास करत असायची. तिला वाटायचं मी त्यांना फार ओरडते. “आई, बी नाइस!” हे तिचं दर मंगळवारचं वाक्य. संस्कृत मला शिकवता येतं हे मला स्वतःलाही तेव्हाच कळलं. थोड्या महिन्यांनी ब्रॅकनेलचं काम वाढलं आणि ते बंद पडलं. सुभाषितं वाचण्यापर्यंतही आम्ही पोचलो नाही.

ब्रॅकनेलमध्ये त्यांचं काही बरं चाललं नव्हतं, म्हणजे नोकरी पक्की होती पण पुढे सरकत नव्हती. त्यांनी शिकवून तयार केलेली पोरं त्यांचे साहेब होऊन बसली. सुधीर चिडायचा, म्हणायचा, अरे तू बोलत का नाहीस, अर्ज कर. मेश्राम म्हणायचे, “आपण क्वेस्टरवरच थांबलो यार. सासरा नाही, साडू नाही, पुढं जाणार कसं?” ते हसत म्हणायचे, पण त्यानंतर त्या संध्याकाळी लुकियस फारसा बोलायचा नाही.

मग मेघनाची शेवटची शाळेची वर्षं आली. मार्क उत्तम. घरात ठरलेलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं, की ती मेडिकलला जाणार, लंडनमध्येच, घरून ये-जा करणार. एका रविवारी तिने नाश्त्याच्या वेळी सांगितलं की ती अर्ज एडिनबराला करते आहे, क्लासिक्ससाठी. लॅटिन आणि ग्रीक. सुधीरच्या हातातला टोस्ट तसाच राहिला.

मी कोट घातला, बसमध्ये बसले आणि मेश्रामांच्या फ्लॅटवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कॉम्प्युटरचा रुंद कागद चिकटवलेला, कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला. त्यावर लुकियसचं सगळं घराणं. मध्ये तो, वर आईबाप, खाली मुलं, आडव्या रेघांनी जोडलेली सासरं आणि माहेरं, लाल शाईत त्याची एकेक पदं. साडूकडे जाणारी रेघ तुटक. खोलीत माणसाचा फोटो एकही नव्हता. हे सगळं बघूनही माझा राग कमी झाला नाही. हो, त्या दिवशी मात्र तो राग होता.

“माझी मुलगी तुम्ही घेतलीत,” मी म्हटलं. “काका म्हणा, मामा म्हणा, काही म्हणा. आता तिचं आयुष्यही घ्या.”

मेश्रामांनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून मला बसायला जागा केली. मी बसले नाही.

“वहिनी, मी तिला डॉक्टर हो म्हणून सांगितलं,” ते म्हणाले. “दोन महिने सांगून राहिलो. लॅटिननं मला काय दिलं? ब्रॅकनेल दिलं. ती माझ्याशी भांडली. इथंच, ह्या खुर्चीवर बसून.”

“मग तिच्या डोक्यात हे भरवलं कोणी?”

ते म्हणाले, “तुम्ही.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. “ती म्हणाली, आईला संस्कृत करायचं होतं, आजोबांनी करू दिलं नाही. ती म्हणाली, आई आपल्याला रोज दिसते ती वेगळी, आणि मंगळवारी तुम्हाला रूपं म्हणून दाखवताना दिसायची ती वेगळी. टेबलाच्या त्या टोकाला बसून मी तिलाच बघत होते, म्हणाली. मला तसं व्हायचं आहे. आता ह्याला मी काय उत्तर देणार होतो, सांगा.”

मी भिंतीकडे बघत राहिले. लुकियसच्या आत्याच्या नावाखाली पेन्सिलीने, लहान मुलीच्या अक्षरात, ‘मी’ असं लिहिलेलं होतं.

“हे तिने मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही रडाल म्हणून.”

मी रडले नाही. त्यांच्यासमोर तर नाहीच. पण परत येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की मला जे ऐकायला आयुष्यभर आवडलं असतं, ते माझ्या मुलीने म्हटलं होतं, खरोखर म्हटलं होतं, आणि ते ऐकलं होतं मेश्रामांनी. तिच्या तोंडून. तिचा आवाज कसा होता, ती बोलताना कुठे थांबली, भुवई वर होती का, हे सगळं त्यांच्याकडे होतं. माझ्याकडे निरोप होता. हेवा म्हणजे काय ते मला तोवर नीट कळलंच नव्हतं असं मी म्हणेन.

मेघना एडिनबराला गेली. चार वर्षं भर्रकन गेली, निदान मागे वळून बघताना तसं वाटतं. त्या काळात मेश्राम शनिवारी यायचे, चहा प्यायचे, सुधीरशी गप्पा मारायचे. मेघनाची पत्रं दोघांना वेगवेगळी यायची. माझ्या पत्रात हवा-पाणी, जेवण, मैत्रिणी. त्यांच्या पत्रात काय असायचं ते मी विचारलं नाही, ते सांगायचेही नाहीत, फक्त कधी म्हणायचे, “पोरगी लुकियसची चूक काढून राहिली वहिनी. म्हणते, तुमचा साडू साडू नाही, मेहुणा आहे.” इतक्या वर्षांचं सगळं राजकारण कोलमडणार होतं, आणि ह्या माणसाला त्याचा काय तो आनंद झाला होता. त्यांनी भिंतीवरची ती तुटक रेघ खोडूनही टाकली.

पदवीदानाच्या आठवड्यात माझे सासरे पुण्यात पडले आणि सुधीरला जावं लागलं. हॉलची तिकिटं दोन, आईची आणि बाबांची. मेघनाने फोनवर विचारलं, “आई, बाबांच्या तिकिटावर मामा आलेले चालतील तुला?” चालतील तुला, असं. लिंग, वचन, विभक्ती, सगळं जागच्या जागी. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

एडिनबरापर्यंतच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. कोट तोच होता पण आता तो त्यांना मोठा झाला होता. त्यांना बरं नव्हतं हे मला दिसत होतं, त्यांनी सांगितलं नाही आणि मी औषधांच्या धंद्यातली असून विचारलं नाही. त्या हिवाळ्यात ते गेले. मी तेव्हा कामावर होते आणि सुधीर एकटाच हॉस्पिटलात होता. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या हॉलमध्येच.

उंच छताचा, गोलसर हॉल होता. आम्हाला वरच्या बाजूला शेजारी शेजारी जागा मिळाली. सुरुवातीला कोणीतरी लॅटिनमध्ये काही म्हटलं. आजूबाजूचे आईबाप कौतुकाने, काही न कळून, बघत होते. मेश्राम माझ्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात मराठीतून सांगायला लागले, वाक्यामागून वाक्य. मला ते हवं होतं आणि नकोही होतं. मग मुलांची नावं सुरू झाली. एकेक जण पुढे यायचा, गुडघ्यात वाकायचा, कुलगुरूंनी डोक्याला काळी टोपी टेकवून पदवी दिली की टाळ्या. मेघनाचं नाव पुकारणाऱ्या बाईंनी चुकीचं उच्चारलं. मेश्रामांनी आणि मी एकदम, एका आवाजात, पुटपुटून ते बरोबर म्हटलं.

तिने टोपीखाली डोकं वाकवलं, उभी राहिली, आणि जाताना थांबून वर बघितलं. तिला आमची जागा माहीत होती. ती शोधत नव्हती, सरळ बघत होती, आणि हसली. असं हसू तिचं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. मी हात वर केला. मेश्रामांनीही केला. आमचे हात जवळजवळ एकमेकांना लागले. मेघना खाली उतरून रांगेत मिसळली, पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि मी तशीच बसून होते, समोर बघत. शेजारी मेश्राम रुमालाने चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

“तुमच्याकडेच बघत होती,” ते म्हणाले.

मी विचारलंही नव्हतं.